टिंबताई आणि दोन ‘ज’

आमच्या छापखान्यात टिंबताई पहिल्यांदा आल्या त्या भांडायला.

मी तिथे जुळारी होतो. म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून पट्टीत बसवायचे, त्यांचे शब्द, शब्दांच्या ओळी आणि ओळींची पानं करायची, हे माझं काम. त्या दुपारी मी खिडकीशी उभा राहून हात चालवत होतो. तेवढ्यात एक किडकिडीत बाई तरातरा आत आल्या, मालकांच्या टेबलावर पत्रकांचा गठ्ठा आदळला आणि म्हणाल्या, “वाचा.”

मालकांनी वाचलं. पाणीपुरवठा कार्यालयाची सूचना होती, आम्हीच छापलेली. दुरुस्तीच्या कामामुळे उद्या पाणी येणार नाही, आणि होणाऱ्या गैरसोयीबद्दल कार्यालयास खत वाटते.

“खंत,” मालक म्हणाले. “खंत वाटते. एक टिंब उडालंय, एवढंच.”

“तुमचं एक टिंब उडालं. आमच्याकडे सकाळपासून दोघं जण रिकामी पोती घेऊन येऊन गेले. खत कुठं वाटताय म्हणून विचारत होते. मी तिथे कारकून आहे. उत्तर मला द्यावं लागतं.”

मालकांना हसू आवरेना. मलाही. बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्या सरळ माझ्याकडे आल्या. “भाऊ, टिंब उडतंच कसं?”

आजवर गिऱ्हाइकानं शिव्या दिल्या होत्या, पण असं कुणी विचारलं नव्हतं. मी ‘खं’चा खिळा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. टिंब अक्षराच्या डोक्यावरून जरा बाहेर आलेलं असतं, त्याला खालून आधार नसतो. दाब कमीजास्त झाला की तुटतं. बाईंनी खिळा उजेडात धरून उलटासुलटा पाहिला.

“म्हणजे आधी प्रूफ कितीही वाचा, उपयोग नाही. मशीन चालू असताना दर शंभर कागदांनी एक काढून बघायला हवा.”

“इथे नोकरीच धरा तुम्ही,” मालक चेष्टेत म्हणाले.

“धरीन. पण माझी सही झाल्याशिवाय मशीन सुरू व्हायचं नाही.”

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला त्या खरोखरच हजर झाल्या. प्रूफं वाचायचं टेबल त्यांना मिळालं, आणि आठवड्याभरात टिंबताई हे नावही मिळालं. तोंडावर आम्ही नुसतं ‘ताई’ म्हणायचो. त्यांना ते दुसरं नाव ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. उलट एकदा कुणीतरी चिठ्ठीवर ‘टिबताई’ लिहिलं, तर लाल पेन्सिलीनं टिंब देऊन त्यांनी ती परत पाठवली.

त्यांचं घर म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. नवरा कारखान्यात लेथ चालवायचा. अबोल माणूस, पण बायकोच्या पेन्सिलींना टोकं काढून ठेवायचं काम रोज सकाळी न चुकता करायचा. घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांच्या बोलण्याला मात्र खंड नव्हता. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, लिहिता-वाचता येत नाही, पण कुणी चुकीचं बोललं की त्यांच्या कानात खडा गेल्यासारखं व्हायचं. ताई घरी प्रूफं न्यायच्या आणि मोठ्यानं वाचायच्या, कारण डोळ्याला चुकलेलं कानाला सापडतं असा त्यांचा अनुभव. सासूबाई समोर बसून भाजी निवडत ऐकायच्या. छापखान्यात आलेलं सगळं त्यांच्या कानावरून गेलेलं होतं. सोसायटीचे अहवाल, औषधांच्या डब्यांवरची पत्रकं, विहिरीच्या पंपांची माहितीपुस्तकं.

अशात एक मोठं काम आलं. एक निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना सर म्हणायचे. त्यांनी शाळांसाठी इंग्रजी शब्दकोश तयार केला होता. शब्द, त्याचा आपल्या भाषेतला अर्थ, आणि शेवटी एक बारीक खूण, की हा शब्द इंग्रजीत मुळात कुठून आला. फ्रें. म्हणजे फ्रेंच, लॅ. म्हणजे लॅटिन, असं. मुलांना कळावं, सर म्हणायचे, की इंग्रजी काही आभाळातून पडलेली नाही. तिनंही दारोदार हिंडून शब्द गोळा केलेत.

कोश मोठा आणि आमच्याकडचे खिळे मोजके. म्हणून सोळा पानं जुळवायची, ताईंनी वाचायची, सही करायची, दोन हजार प्रती छापायच्या, मग खिळे सोडवून परत खणात टाकायचे आणि पुढच्या सोळा पानांना लागायचं. अशा सोळा पानांच्या तुकड्याला आम्ही फर्मा म्हणतो. एक फर्मा छापून सुटला की सुटला. त्यात चूक निघाली तर बदलायला खिळेच जागेवर नसतात. प्रस्तावना आणि खुणांची यादी पुस्तकात पहिल्या पानावर असते, पण छापतात शेवटी. सरांनी ती अजून दिलेली नव्हती. “तोंडी सांगतो ना,” ते म्हणाले होते आणि पहिल्या दिवशी ताईंना भराभर सांगितलं होतं. “हिं. म्हणजे हिंदी, हि. म्हणजे हिब्रू, ज. म्हणजे जर्मन...”

हिंदी आणि हिब्रूमध्ये फक्त एका टिंबाचा फरक! ते ऐकून ताईंचे डोळे चमकले. त्यांच्यासाठीच जणू काढलेलं काम.

क्यू अक्षरापर्यंत सगळं सुरळीत गेलं. मग आर लागलं.

त्या संध्याकाळी ताई घरी बसून वाचत होत्या. “रिक्षा. माणसाने ओढावयाची दुचाकी गाडी. जर्मन.”

“काय म्हणालीस?” सासूबाईंनी मान वर केली.

“रिक्षा, आई. जर्मन शब्द आहे.”

“अगं, तुझे सासरे तीस वर्षं रिक्षा चालवत होते. रिक्षा जर्मन असती तर घरी येऊन सांगितलं नसतं? चारचौघांत मिरवले असते!”

ताई हसल्या. मग थांबल्या. पान उलटलं. दोन पानं पुढे रकसॅक होता, पाठीवरची पिशवी. त्यालाही ज. ती जर्मन असल्याचं त्यांना पक्कं ठाऊक होतं. रिक्षाचं मात्र काही केल्या पटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखाना उघडायच्या आधी त्या सरांच्या दारात उभ्या. मलाही बरोबर नेलं होतं. सरांच्या खोलीत भिंतीला लागून बुटांची रिकामी खोकी होती, आणि प्रत्येक खोक्यात एकेका अक्षराच्या चिठ्ठ्या. एका शब्दाला एक चिठ्ठी.

“सर, रिक्षा जर्मन आहे?”

“छे! जपानी. जिन-रिकी-शा. जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे ताकद, शा म्हणजे गाडी. माणसाच्या ताकदीची गाडी. इंग्रजांनी पुढचं डोकं उडवलं आणि रिक्षा ठेवली.” सर रंगात आले. “तसाच टायकून. तो जपानीतला बडा सरदार, इंग्रजीत आला आणि कारखानदार झाला. ज्यूदो म्हणजे मऊ वाट. किमोनो म्हणजे नुसतं अंगात घालायची वस्तू. आणि त्सुनामी म्हणजे...”

“सर, यांची खूण काय?”

“ज.”

“आणि जर्मनची?”

“तीही ज...” सर म्हणता म्हणता अडखळले. मग ते सावकाश खुर्चीत बसले. झालं होतं ते असं. त्यांनी चिठ्ठ्या करायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे फक्त जर्मन शब्द होते. जपानी शब्द सात-आठ वर्षांनी आले, हळूहळू. प्रत्येक चिठ्ठीवर ज. लिहिताना हा कुठला ज हे त्यांना माहीत असायचं, त्यामुळे दोन ज झाले आहेत हे कधी डोक्यातच आलं नाही.

“मला माहीत होतं, म्हणून चुकलं,” ते म्हणाले.

“तुम्हाला माहीत होतं सर. पण पुस्तक तुम्ही वाचणार नाही, मुलं वाचणार.” ताई तेवढंच बोलल्या, आणि लगेच, “माझंही चुकलंय. के अक्षरात किमोनो आणि किंडरगार्टन एकाच पानावर आहेत. दोन्हीला ज. तुमच्या कागदाशी जुळलं, म्हणून मी सही केली. जुळतंय का एवढंच बघितलं, खरं आहे का ते बघितलंच नाही.”

परत येताना त्या पावलं ओढत चालत होत्या. मला वाटलं, खचल्या. पण छापखान्याच्या पायरीवर पाय ठेवताच म्हणाल्या, “भाऊ, छापलेले सगळे गठ्ठे खाली काढा. आज मी दुसरं काही वाचणार नाही.”

गठ्ठे काढले, आणि दुसरंच भूत बाहेर आलं. बी आणि सी या अक्षरांचे फर्मे छापले त्या आठवड्यात ताई तापानं घरी होत्या. सही करून गेल्या होत्या, पण मशीन चालू असताना मधला कागद काढून बघायला कुणी नव्हतं. गठ्ठ्यातले वरचे सहा-सातशे कागद ठीक होते. त्याखाली बँगल या शब्दापुढच्या हिं. वरचं टिंब गायब. मग बंगलोचं. सीमध्ये कॉट आणि चिट या दोघांचंही. हजारावर कागदांवर बांगडी, बंगला, खाट आणि चिठ्ठी हिब्रू होऊन बसल्या होत्या.

मशीनवाला मान खाली घालून उभा राहिला. ताई त्याला म्हणाल्या, “मान वर करा आणि मोजायला लागा. कुठल्या कागदापासून टिंब गेलं ते मला नक्की हवंय.”

मालकांना कळलं तेव्हा त्यांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग तो हात झटकून टाकला. “अहो, शाळा सुरू व्हायला महिना उरलाय. बांधणीवाला दारात बसलाय. एवढीएवढीशी खूण, शेवटी, बारीक टायपात. कुणाला कळणारे?”

“कुणालाच नाही,” ताई म्हणाल्या. “ज्याला कळत नाही त्याच्यासाठीच कोश असतो ना? ज्याला कळतं तो कशाला उघडेल?”

“मग शेवटी एक शुद्धिपत्र जोडू. चूक-बरोबर, दोन रकाने. सगळे तसंच करतात.”

“सहा जपानी शब्द, चार हिंदी, आणि तेही काही प्रतींत चूक, काही प्रतींत बरोबर. असं शुद्धिपत्र वाचून मुलगा जे बरोबर आहे तेच खोडून ठेवेल.”

“मग करायचं काय? सगळं फाडून पुन्हा छापायचं? तो म्हातारा तर तयारच होईल, घरदार विकून!”

“फाडायचं नाही. आहे त्यावरच पुन्हा छापायचं.”

मालक माझ्याकडे बघायला लागले, मी ताईंकडे. त्यांनी के अक्षराचा कागद टेबलावर पसरला. खूण प्रत्येक नोंदीच्या अगदी शेवटी होती, तिच्यापुढे ओळीत थोडी मोकळी जागा. त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं ती जागा दाखवली. “इथे एक प आणि एक टिंब मावतंय. ज. आहे, त्याचं ज.प. होईल. ज. म्हणजे जर्मन, ज.प. म्हणजे जपानी.”

“जपानीच्या मधोमध टिंब? असं कुठे असतं?”

“खुणांची यादी अजून छापायची आहे, मालक. आपण यादीत जे लिहू तेच बरोबर.”

हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी मालकांसमोरच मांडीवर थाप मारली. मालक अजून ढिम्म. मग ताईंनी आर अक्षराचं प्रूफ समोर ठेवलं. खाली सहीची जागा कोरी.

“मागचं नीट झाल्याशिवाय पुढच्या फर्म्यावर मी सही करणार नाही. छापखाना तुमचा आहे, सहीशिवाय छापलंत तर मी अडवू शकत नाही. पण मग मागच्या फर्म्यांवर आहेत त्या माझ्या सह्याही मी खोडून टाकणार.”

धमकी देताना आवाज चढवायची त्यांना सवयच नव्हती. रेल्वेचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. मालकांनी त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. मग उठले, चष्मा खिशात घातला आणि दारातल्या बांधणीवाल्याला ओरडून सांगितलं, “दोन आठवड्यांनी या!”

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात कठीण, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मजेचे. छापलेल्या कागदावर दुसऱ्यांदा एकच अक्षर नेमक्या जागी बसवायचं म्हणजे चालत्या सुईत दोरा ओवण्यासारखं. चार फर्म्यांत सहा शब्द. बोन्साय, हायकू, ज्यूदो, कराटे, किमोनो, ओरिगामी. मी रिकामी चौकट घेतली, सगळीकडे कोरे ठोकळे भरले आणि त्या वाळवंटात एक इवलासा ‘प’ उभा केला. वाया गेलेल्या कागदांवर आधी करून पाहिलं. पहिल्या खेपेला प खालच्या ओळीच्या डोक्यावर बसला. दुसऱ्या खेपेला ज वर चढला. तिसऱ्या खेपेला नुसती अर्धी रेघ उमटली. ताई शेजारी स्टूल टाकून बसलेल्या. “केसभर डावीकडे,” एवढंच म्हणायच्या. मी पातळ कागदाची पट्टी चौकटीत सरकवायचो. बाराव्या कागदावर प जागच्या जागी उतरला, जसा काही जन्मापासून तिथेच होता.

कराटेनं मात्र नाकी नऊ आणले. तिथे ज. ओळीच्या अगदी काठाला टेकलेला, पुढे जागाच नाही. दोन रकान्यांमधल्या कोऱ्या पट्टीला आम्ही गल्ली म्हणतो. मी ताईंना म्हटलं, “प गल्लीत उभा करावा लागेल.”

“करा. पण अंग चोरून उभा राहील असं बघा.”

सगळ्यात लहान टायपाचा एक प जुन्या खणाच्या तळाशी सापडला. तो गल्लीत उभा केला. आजही ती आवृत्ती उघडून कराटे काढा, प जरा बुटका दिसेल.

टिंबांचं काम मात्र मशीनवर होण्यासारखं नव्हतं. ते हातानंच करायचं ठरलं. बारीक टाक, छपाईची शाई पातळ करून वाटीत, आणि जमिनीवर सतरंजी टाकून सगळे ओळीनं. मालकही आले, बाह्या वर करून. तिसऱ्या दिवशी ताई सासूबाईंना घेऊन आल्या. “आईंचा हात स्थिर आहे,” त्या म्हणाल्या. “सुईत दोरा अजून त्याच ओवतात.”

खरोखरच म्हातारीचा हात आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला. फक्त टिंब कशाला देतोय ते कळल्याशिवाय देणार नाही, ही अट.

“हे काय गं?”

“बँगल. म्हणजे बांगडी, आई.”

“आणि हे?”

“कॉट. आपली खाट.”

“हे?”

“चिट. चिठ्ठी.”

“इंग्रजांनी चिठ्ठीही नेली होय? मेल्यांनी उत्तर पाठवलं नाही ते कधी!” सतरंजीवर हशा पिकला, आणि मालकांच्या टाकातून टिंबाच्या जागी ओघळ गेला. तो कागद ताईंनी मुकाट्यानं बाजूला ठेवून दिला.

मग ताईंनी त्यांना पुढच्या फर्म्यातला एस अक्षराचा शब्द सांगितला, शांपू. हिंदीतल्या ‘चाँपना’पासून आलेला, म्हणजे दाबणं, चोळणं. आधी त्याचा अर्थ अंग रगडणं असा होता, केस धुण्यावर तो मागाहून आला.

“म्हणजे चंपी!” सासूबाई म्हणाल्या. “चंपी करून घेतली आणि बाटलीत भरून परत विकायला आणली. हुशार आहेत हो.”

एम अक्षराचा गठ्ठा त्या दिवशी सहज ताईंच्या मांडीवर होता. जपानी शब्द त्यात एकही नव्हता, पण त्या आता प्रत्येक खूण नव्यानं वाचत होत्या. “मंगूस,” त्या मोठ्यानं म्हणाल्या. “मुंगूस. हिंदी.”

“काहीतरीच,” सासूबाईंनी टाक खाली ठेवला. “आपण आधी राहायचो तिथे मागच्या खोलीत भाडेकरी होते ते हिंदी बोलायचे ना? अंगणात मुंगूस आलं की पोरं नेवला, नेवला करून ओरडायची. मुंगूस आपल्याकडचं.”

ताईंनी तो कागद वेगळा काढला. संध्याकाळी सर टिंबं द्यायला आले तेव्हा ताईंनी त्यांना विचारलं. सर तसेच घरी गेले आणि जाडजूड संदर्भग्रंथ काखेत मारून धापा टाकत परत आले. पान उघडून आधी स्वतः वाचलं, मग सासूबाईंसमोर सतरंजीवर मांडी घालून बसले.

“मराठीच आहे, आजी. पोर्तुगीजांनी इथून उचलला, त्यांच्याकडून इंग्रजांनी घेतला. माझ्या हातून निसटलं.”

“मग लिहा की तसं.”

पण छापलेलं हिं. पुसता येत नव्हतं आणि शेजारी म. बसवून भागण्यासारखं नव्हतं. म्हणून त्या कोशाला शेवटी शुद्धिपत्र लागलंच, पण एका ओळीचं. मुंगूस या अर्थाच्या शब्दापुढे हिं. ऐवजी म. वाचावे. मालकांना ते पान कोरं जातंय म्हणून हळहळ वाटली. सर मात्र म्हणाले, संपूर्ण कोशात माझं आवडतं पान तेच आहे.

कोश बारा दिवस उशिरा निघाला. शाळा सुरू झाल्या होत्या, पण पहिल्या आठवड्यात कोण शब्दकोश उघडतं? दोन हजार प्रती वर्षभरात संपल्या. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, “मी शाळेत गेले नाही, पण शाळेतल्या पुस्तकात माझ्या हातची टिंबं आहेत.” कुणी विश्वास ठेवला नाही तर ताईंना प्रत काढायला लावायच्या आणि बांगडीवर बोट ठेवायच्या.

त्यानंतर ताईंनी वाचायची पद्धत बदलली. आधी कागदाशी जुळतंय का ते बघायच्या, मग पुन्हा पहिल्यापासून, या वेळी मूळ कागद पालथा ठेवून, खरं आहे का ते बघायच्या. दुप्पट वेळ लागायचा. मालकांनी एकदाही हटकलं नाही. गावातल्या इतर छापखान्यांतूनही लोक अवघड काम घेऊन यायला लागले, आणि आमच्या पाटीखाली कुणीतरी ‘अचूक छपाई’ असं लिहिलं. ताईंनी ते पुसायला लावलं. म्हणाल्या, हे आपण म्हणायचं नसतं.

सर गेले तेव्हा त्यांच्या मुलीनं सगळी खोकी ताईंकडे पाठवली. सायकलच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत माणसांपेक्षा शब्द जास्त झाले. ताईंच्या नवऱ्यानं कारखान्यातल्या पत्र्याच्या तुकड्यांची खणाखणांची उभी मांडणी करून दिली, छतापर्यंत. दुसरी आवृत्ती ताईंनी एकटीनं केली. तोवर शिसं जाऊन संगणक आला होता, माझा हात रिकामा झाला होता, आणि टिंब तुटायचा प्रश्न मिटला होता. आता ते तुटत नाही, नुसतं टाइप करायचं राहून जातं, असं ताई म्हणतात.

तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं तेव्हा ताई सत्तरीच्या पुढे गेल्या होत्या. नव्या मालकीणबाई, म्हणजे आमच्या मालकांची सून, स्वतः त्यांच्याकडे विचारायला गेल्या. ताईंनी एकच अट घातली. मुखपृष्ठावर सरांच्या नावाखाली त्यांचं नाव हवं, आणि ते खरं नाव, टोपणनाव नाही. सूनबाईंनी तिथल्या तिथे हो म्हटलं.

मी अधूनमधून त्यांच्याकडे जातो. चहा होतो, नव्या चिठ्ठ्या बघायला मिळतात. मागच्या वेळी टेबलावर दोन चिठ्ठ्या वेगळ्या काढलेल्या होत्या. पहिली इमोजीची. संगणकावर बसणाऱ्या मुलीनं त्यापुढे इमोशनवरून आलेला असं लिहून पाठवलं होतं. ताईंनी खाली लिहिलं होतं, ‘दिसतो तसा नाही. ए म्हणजे चित्र, मोजी म्हणजे अक्षर. ज.प.’

“आणि ही?” मी दुसरी उचलली. कॅराओके. खुणेची जागा कोरी.

“ही चार दिवस इथेच पडली आहे,” ताई म्हणाल्या. “कारा म्हणजे रिकामा, हे जपानी. ओके म्हणजे ऑर्केस्ट्रा. तो जपान्यांनी इंग्रजीतून घेतला, अर्धा तोडला, रिकाम्याला जोडला, आणि इंग्रजांनी तो पुन्हा घरी नेला. आता याला कुठला म्हणायचा?”

“दोन्ही खुणा द्या.”

“मुलांना दोन खुणा दिल्या की ती एकही लक्षात ठेवत नाहीत.”

“मग अर्धा इंग्रजी असा शेरा द्या.”

“अर्धा कसला? इंग्रजांनी दारात ओळखला तरी का त्याला? पाहुणा म्हणूनच आत घेतला.” त्यांनी पेन्सिल उचलली, क्षणभर ओठांवर टेकवली. “ज्याच्या घरून आला त्याचं नाव लिहायचं. आजोळ कुठलं ते ज्याला हवं तो शोधेल.”

त्यांनी ज.प. लिहिलं, चिठ्ठी के अक्षराच्या खणात टाकली आणि मला म्हणाल्या, “चला, चहा गार होतोय.”